कोल्हापुरात नव्यानं राहायला आलात? फोनची रेंज पक्की करून घ्यायची पद्धत

शिवाजी विद्यापीठात प्रवेश घेतलेली मुलं, शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला लागलेली माणसं, बदली होऊन आलेले कर्मचारी, सगळ्यांची पहिल्या महिन्यातली तक्रार एकच असते: रस्त्यावर रेंज फुल्ल, खोलीत आलं की कॉल तुटतो. मग कुणी सिम बदलतं, कुणी फोन बदलतं. बहुतेकांना यातलं काहीच करायची गरज नसते. फोनमधला एक आकडा बघायला शिकलात, की दोष भिंतीचा आहे, गर्दीचा आहे की सेटिंगचा, हे दहा मिनिटांत कळतं आणि पैसे वाचतात.

जवळ काय असू द्या: चालू सिम असलेला फोन, सिम काढायची पिन, वेगळ्या कंपनीचं सिम असलेला एखादा मित्र (तासाभरासाठी), आणि नवं सिम घ्यायचं असेल तर मूळ आधार कार्ड, खोलीचा पूर्ण पत्ता व एक पर्यायी मोबाइल नंबर.

१. काड्या बघू नका, आकडा बघा

स्क्रीनवरच्या काड्या किती दाखवायच्या, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते. एकाच टेबलावर ठेवलेले दोन फोन एकाच नेटवर्कवर दोन आणि चार काड्या दाखवू शकतात. खरी ताकद डीबीएममध्ये मोजतात.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं जा. 'सिग्नल स्ट्रेंथ'समोर −९७ डीबीएम ४३ एएसयू असं काहीतरी दिसेल. त्यातला पहिला आकडा आपल्या कामाचा. काही फोनमध्ये हा रकाना लपवलेला असतो. तिथे डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाकून बघा, सॅमसंगच्या बऱ्याच फोनवर *#००११# चालतं. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करून कॉलचं बटण दाबा, फील्ड टेस्ट उघडेल. त्यात आरएसआरपी हा शब्द शोधा, त्याच्यासमोरचा आकडा म्हणजे हीच ताकद. नेटमॉन्स्टरसारखं ॲप टाकलंत तर बँडही (टॉवर कुठल्या कंप्रतेवर बोलतोय ते) समोर दिसतो.

४जीसाठी आकडा असा वाचा:

−८५ किंवा त्याहून चांगला: उत्तम, काही करू नका.
−८५ ते −१००: रोजच्या वापराला पुरेसा.
−१०० ते −११०: चालतं, पण बॅटरी लवकर उतरते आणि घरात फिरताना कॉल अडखळतो.
−११० ते −१२०: काठावर. पंखा लावायला उठलात तरी आवाज जाऊ शकतो.
−१२० च्या खाली: फोन टॉवरला नुसता धरून बसलेला असतो, काम होत नाही.

आकडा उणे आहे, हे विसरू नका. नवखा माणूस −११० बघून '९० पेक्षा जास्त आहे की' म्हणतो. प्रत्यक्षात ते कितीतरी कमी असतं. दर १० डीबीला ताकद दहा पटींनी बदलते. म्हणजे −९० आणि −११० यांत शंभर पटींचा फरक आहे.

शेजारी एसआयएनआर नावाचा दुसरा आकडा दिसला तर तोही टिपून ठेवा. तुमच्या टॉवरचा आवाज आजूबाजूच्या गोंगाटावर किती चढतोय, ते तो सांगतो. १५-२० असेल तर छान, ५ च्या खाली गेला तर वेग पडतो, शून्याच्या खाली गेला की पहिला आकडा कितीही चांगला असो, उपयोग नाही. महाद्वार रोडवर घोषणा करणारा कर्णा अगदी शेजारी असला, तरी सात दुकानांचे सात कर्णे एकदम वाजत असतील तर एकही शब्द कळत नाही, तसंच हे.

२. खोली ठरवण्याआधी मोजा

भाड्याची अनामत रक्कम देण्याआधी खोलीत तीन जागी उभे राहा: खिडकीजवळ, खाटेच्या जागी आणि न्हाणीघराच्या दारात. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा चढ-उतार करत असतो, मधला धरा. शक्य असेल तर हे दोनदा करा, एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊ-दहाच्या सुमारास. राजारामपुरीसारख्या, जिथं एकेका इमारतीत वीस-पंचवीस मुलं राहतात अशा भागात दुपारी हवेत उडणारं नेट रात्री रांगायला लागतं. तिथं सिग्नल तोच असतो, वाटेकरी वाढलेले असतात. वेग मोजायला ट्रायचं मायस्पीड ॲप पुरेसं आहे. व्हिडिओ कॉलवर क्लास किंवा ऑफिस करायचं असेल तर वर जाणारा वेग म्हणजे अपलोड आवर्जून बघा. २-३ एमबीपीएस सलग मिळायला हवा. डाउनलोड बघून खूश होणारे इथंच फसतात.

हे असं का होतं? टॉवर काही दहा वॉट ताकदीनं बोलतो, तुमचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॉटनं. त्यामुळं काठावरच्या जागी टॉवरचं तुम्हाला ऐकू येतं, तुमचं टॉवरला ऐकू जात नाही. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय' म्हणतो आणि तुम्हाला मात्र त्याचा आवाज स्वच्छ येत असतो, तेव्हा समजा की प्रकार हाच आहे.

भिंतींचा भाग मोठा. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड दगडी भिंती १० ते २० डीबी सहज खातात. बाहेर −९० आणि माजघरात −१०८, हे तिथं नेहमीचं. पत्र्याचं छत आणि पत्र्याच्या भिंती त्याहून वाईट, कारण धातूतून लहर जवळजवळ जात नाही. एमआयडीसीच्या शेडमध्ये जी रेंज येते ती दार-खिडक्यांतून शिरलेली असते. नव्या इमारतींत आरशासारखी चकाकणारी काच लावतात, तिच्यावरही धातूचा पातळ थर असतो. अशा ऑफिसात खिडकीशी गेलात तरी फरक पडत नाही, खिडकी उघडली की पडतो.

३. कंपनी निवडताना बँड बघा

'इथं कुठल्या कंपनीची रेंज चांगली?' या प्रश्नाला कोल्हापूरभर एक उत्तर नाही, गल्लीगणिक बदलतं. म्हणून मित्राचा फोन मागवून त्याच तीन जागी मोजा. शेजाऱ्यांना विचारा, पण 'चांगली आहे का' असं विचारू नका. 'आतल्या खोलीत कॉल लागतो का' असं विचारा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे आहेत, ते रस्त्यावरचा अंदाज देतात, तुमच्या आतल्या खोलीचा नाही.

बँड म्हणजे टॉवर ज्या कंप्रतेवर बोलतो ती. कंप्रता जितकी कमी, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून चांगली शिरते. जितकी जास्त, तितका वेग मिळतो पण पल्ला आखूड. जिओचा ८५० मेगाहर्ट्झ (बँड ५), एअरटेल आणि व्हीआयचा ९०० (बँड ८) हे घरात शिरणारे बँड. १८०० (बँड ३) मधला. २३०० (बँड ४०) आणि व्हीआयचा २५०० (बँड ४१) वेगासाठी. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० वर आहे. ५जीत ७०० (एन२८) लांब पल्ल्याचा आणि ३३०० च्या वरचा (एन७८) वेगाचा. म्हणून ५जीची खूण गच्चीवर दिसते आणि जिना उतरून आलं की ४जी होते. यात फोनचा दोष नसतो.

परदेशातून आणलेल्या किंवा जुन्या फोनमध्ये यातले काही बँड नसतातच. खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर यादी असते. ३, ५, ८, ४० आणि ५जीसाठी एन२८, एन७८ आहेत का, बघून घ्या. बीएसएनएल घेणार असाल तर १ आणि २८ सुद्धा.

जुना फोन विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी *#०६# दाबून पंधरा आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा, आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला आयएमईआय असेल तर त्या फोनला कुठल्याच कंपनीचं नेटवर्क मिळणार नाही, सिम कितीही बदला.

४. सिम घेताना

आता सगळी प्रक्रिया डिजिटल आहे. कागदी फॉर्मची पद्धत १ जानेवारी २०२४ पासून बंद झाली. आधार, बोटाचा ठसा आणि जागेवरच काढलेला फोटो, एवढ्यात काम होतं. आधारवर गावाकडचा पत्ता असेल तर खोलीचा पत्ता आणि घरमालकांचा नंबर लिहून न्या, दुकानात आठवत बसायला नको.

सापळा इथं आहे. 'ठसा उमटला नाही, परत द्या' असं म्हणून दोन-तीनदा ठसा घेतला आणि तुमच्या नावावर जादा सिम काढलं, असे प्रकार घडतात. दुकानदाराची स्क्रीन बघायला मागा. दोन दिवसांनी संचार साथी पोर्टलवर जाऊन तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते तपासा. एका व्यक्तीला नऊ सिमची मर्यादा आहे. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच 'माझा नाही' म्हणून नोंदवता येतो.

आणखी एक. हरवलेलं किंवा खराब झालेलं सिम बदललं की नव्या सिमवर २४ तास एसएमएस येत-जात नाहीत. ही फसवणूक रोखण्यासाठी मुद्दाम ठेवलेली सोय आहे, पण त्यामुळं बँकेचा ओटीपी येत नाही. विद्यापीठाची फी भरायचा शेवटचा दिवस उद्या असेल तर आज सिम बदलू नका.

५. फोनमधल्या पाच जागा

व्हीओएलटीई (४जीवरूनच कॉल करायची सोय) चालू ठेवा. जिओकडे २जी-३जी नाहीच, त्यामुळं तिथं हे बंद असलं की नेट चालेल आणि कॉल लागणार नाही. 'फोन बिघडला' म्हणून दुकानात नेलेल्या कित्येक फोनमध्ये एवढंच एक बटण बंद असतं.

वायफाय कॉलिंग चालू करा. आतल्या खोलीत −११५ असेल आणि घरात ब्रॉडबँड असेल, तर याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. कॉल वायफायवरून जातो, नंबर तोच राहतो, वेगळं ॲप लागत नाही.

पसंतीचं नेटवर्क: ५जीचा आकडा काठावर असेल तर फोन सतत ५जी आणि ४जी यांच्यात उड्या मारतो, गरम होतो, बॅटरी खातो, मधूनच नेट थांबतं. अशा खोलीत सरळ ४जीवर ठेवा.

नेटवर्कची निवड ऑटोमॅटिक. मॅन्युअल करून विसरलेला फोन गावाबाहेर गेला की मुका होतो.

एपीएन, म्हणजे फोननं नेटसाठी वापरायचं कंपनीचं प्रवेशद्वार. कॉल लागतो पण नेट नाही, तर हे तपासा: जिओला जिओनेट, एअरटेलला एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम, व्हीआयला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, बीएसएनएलला बीएसएनएलनेट, सगळं इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. हातानं भरण्याआधी 'रिसेट टू डिफॉल्ट' करून बघा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं.

दोन सिम वापरणाऱ्यांसाठी: साध्या दोन सिमच्या फोनमध्ये एका सिमवर बोलत असताना दुसरं 'संपर्क क्षेत्राबाहेर' सांगतं. त्यावर कॉल फॉरवर्डिंग लावून ठेवता येतं.

६. घरात रेंज वाढवायचे उपाय, आणि एक जो करायचा नाही

आधी फोनची जागा बदला. टॉवरच्या बाजूच्या खिडकीत फोन ठेवून हॉटस्पॉट लावला आणि लॅपटॉप आत घेऊन बसलात, तर १० डीबीपर्यंत सहज कमावता. टॉवर कुठल्या दिशेला आहे ते कळत नसेल तर फोन घेऊन चारही खिडक्यांशी जा, आकडाच सांगतो. जवळचे टॉवर दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवरही बघता येतात. धातूचं कव्हर, मागं चिकटवलेली चुंबकाची चकती आणि लोखंडी कपाटाशेजारची जागा टाळा.

ऑनलाइन मिळणारे 'सिग्नल बूस्टर' घेऊ नका. परवान्याशिवाय ते बाळगणं, विकणं आणि वापरणं बेकायदा आहे. कायद्याचं सोडा, पण असला बूस्टर टॉवरच्या कानाशी कर्कश शिट्टी वाजवत बसतो आणि तुमच्या गल्लीतल्या सगळ्यांचे कॉल बिघडवतो. त्यात कुणाचा तरी १०८ ला लावलेला कॉलही असू शकतो.

७. शहराबाहेर पडताना

पन्हाळा आणि जोतिबा. उंचावर रेंज चांगली असणार, असं वाटतं. काड्या फुल्लही दिसतात. पण तटावर उभ्या असलेल्या फोनला खालच्या खोऱ्यातले कितीतरी टॉवर एकदम ऐकू येतात आणि ते एकमेकांचा आवाज दाबतात. आरएसआरपी −८० आणि एसआयएनआर शून्याजवळ, असा उलटा प्रकार तिथं बघायला मिळतो. उपाय साधा: तटाच्या कडेवरून मागं या, एखाद्या इमारतीच्या किंवा बुरुजाच्या आडोशाला उभे राहा. आडोसा बाकीचे टॉवर झाकतो, जवळचा एक उरतो आणि नेट चालायला लागतं. चैत्र यात्रेच्या दिवशी मात्र जोतिबावर याचाही उपयोग नाही. तिथं लाखो फोन मोजक्या टॉवरवर असतात. अशा गर्दीत एसएमएस सगळ्यात भरवशाचा. भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवून घ्या.

गगनबावडा, दाजीपूर, आंबा. घाटाची धार ओलांडून कोकणाच्या बाजूला उतरलात की डोंगर मध्ये येतो आणि करूळ किंवा भुईबावडा घाटात रेंज तुकड्या-तुकड्यांनी मिळते. निघण्याआधी नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. फोनवर 'इमर्जन्सी कॉल्स ओन्ली' दिसलं तर याचा अर्थ तुमच्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आहे, ११२ लागेल. ज्यांना या पट्ट्यात नेहमी जावं लागतं त्यांनी दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवावं.

कागल आणि सीमेचा पट्टा. कागल सोडलं की थोड्याच अंतरावर कोगनोळीला कर्नाटक लागतं, आणि टॉवरला सीमा कळत नाही. फोननं पलीकडचा टॉवर धरला आणि डेटा रोमिंग बंद असेल, तर काही फोनमध्ये कॉल चालतो पण नेट थांबतं. निपाणी, बेळगावकडे जाणाऱ्यांनी डेटा रोमिंग चालू ठेवावं. गोव्याला जाताना हा प्रश्न येत नाही, कारण महाराष्ट्र आणि गोवा हे एकच दूरसंचार मंडळ आहे.

पावसाळा. पावसाच्या सरींनी फोनची लहर फारशी अडत नाही. अडतो तो टॉवर ते टॉवर असा मायक्रोवेव्ह दुवा, आणि जाते ती वीज. लाइट गेली की टॉवर बॅटरीवर काही तास चालतो, नंतर डिझेल पोचलं तरच. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्यांना हे सांगावं लागत नाही, पण तुम्ही नवे आहात. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेनं ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्याची बातमी आली की पॉवर बँक भरून ठेवा, महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा. ४३ फूट ही धोका पातळी. टॉवर बंद पडले तर फोन दिवसभर शोधत ठेवू नका. सतत शोधत राहून तो बॅटरी संपवतो. विमान मोडवर टाका, तासाला एकदा पाच मिनिटं काढा. आपत्तीत सरकारच्या आदेशानं एका कंपनीच्या ग्राहकांना दुसरीचे टॉवर खुले केले जातात. त्यासाठी नेटवर्क निवड ऑटोमॅटिक आणि रोमिंग चालू हवं.

८. बिघाड शोधायचा क्रम

याच क्रमानं करा, उड्या मारू नका.

पहिलं, विमान मोड चालू करून पंधरा सेकंदांनी बंद. यानं फोन टॉवर नव्यानं शोधतो, सिममधल्या गुप्त किल्लीनं ओळख पटवतो आणि पुन्हा नोंदणी करतो; अडकलेली नोंदणी असेल तर सुटते. दुसरं, रिचार्जची मुदत तपासा. तिसरं, आकडा बघा. तो −१०० पेक्षा चांगला असून नेट नसेल तर दोष गर्दीचा किंवा एपीएनचा. चौथं, सिम काढून कोरड्या मऊ कापडानं पुसा, दुसऱ्या खाचेत घाला. पाचवं, तुमचं सिम मित्राच्या फोनमध्ये आणि त्याचं तुमच्यात. दोष सिमबरोबर गेला तर सिम बदला, फोनबरोबर राहिला तर फोन दाखवा. दोन्हीकडं सगळं ठीक आणि जागा बदलली की चालतं, तर दोष जागेचा. नेटवर्क सेटिंग्ज रिसेट अगदी शेवटी करा, कारण त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड पुसले जातात.

९. तक्रार आणि पोर्ट

तक्रारीचा नंबर १९८. 'रेंज येत नाही' एवढंच सांगितलं तर फोन रिस्टार्ट करा, हेच उत्तर मिळतं. असं सांगा: 'राजारामपुरी, अमुक गल्ली, दुसरा मजला. खोलीत ४जी, बँड ३, आरएसआरपी −११४, दाराबाहेर −९८. रोज रात्री नऊ ते अकरा कॉल तुटतात, गेले आठ दिवस.' असे आकडे ऐकले की तक्रार तांत्रिक विभागाकडं जाण्याची शक्यता वाढते. डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडं जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत.

पोर्ट करायचं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची ठरलं तर इंग्रजी मोठ्या अक्षरांत पोर्ट, एक जागा, आणि तुमचा दहा आकडी नंबर असा एसएमएस १९०० वर पाठवा. उत्तरात येणारा यूपीसी कोड नव्या कंपनीला द्यायचा असतो, तो चार दिवस चालतो. आधीच्या कंपनीकडं ९० दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल भरलेलं हवं, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. महाराष्ट्र मंडळातल्याच नंबरला तीन कामाचे दिवस लागतात, मुंबई किंवा बाहेरच्या मंडळातून आलेल्याला पाच. नवं सिम सुरू होईपर्यंत जुनं काढून टाकू नका. जुन्याची रेंज गेली की नवं फोनमध्ये घाला आणि पहिल्याच रात्री त्याच तीन जागी पुन्हा मोजा.